पाच नंबरची विहीर

मे २००० च्या दुसऱ्या आठवड्यात कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात वॉकर्टन या गावी पावसाने ठाण मांडले. ८ ते १२ मे या पाच दिवसांत १३४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यातला ७० मिलिमीटर एकट्या शुक्रवारी, १२ तारखेला. कोकणातल्या वाचकाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण वॉकर्टन हे सॉगीन नदीकाठचे, जेमतेम ४,८०० वस्तीचे गाव. भोवती कुरणे, शेते आणि गुरांचे गोठे. शेतात शेणखत टाकून झालेले आणि त्यावर हा पाऊस. पाणी वाट मिळेल तिथून जमिनीत उतरत होते, आणि त्यातली एक वाट गावाच्या पाच नंबरच्या विहिरीत जात होती.

पुढच्या काही आठवड्यांत २,३०० हून अधिक माणसे आजारी पडली. ६५ जणांना इस्पितळात दाखल करावे लागले, २७ जणांच्या मूत्रपिंडांवर घाला आला आणि सात जण गेले. नळाचे पाणी सरळ पेल्यात घेऊन प्यायचे, याबद्दल ज्या देशात कोणाच्या मनात शंका येत नाही, त्या देशात हे घडले.

ही हकीकत बहुतेकदा दोन भावांच्या अपराधाची म्हणून सांगितली जाते. अपराध घडला होता, कोर्टात त्यांनी तो कबूलही केला. पण त्या प्रकरणाचा चौकशी अहवाल वाचताना मन अस्वस्थ होते ते वेगळ्याच गोष्टीने. या पाण्यावर वर्षानुवर्षे देखरेख होती. मंजुऱ्या होत्या, नोंदवह्या होत्या, तपासणीसाठी अधिकारी येत होते, प्रयोगशाळेचे अहवाल वेळेवर निघत होते. प्रत्येकाने आपापला कागद पाहिला. पाण्यापाशी मात्र कोणी पोहोचले नाही.

पाच नंबरची विहीर म्हणजे गावाच्या नैर्ऋत्येला, वस्तीच्या कडेला खडकात घेतलेली बोअर. १९७८ मध्ये ती घेतली तेव्हा केसिंग फक्त ५ मीटरपर्यंत गेले. पाणी लागले ते साडेपाच ते साडेसात मीटरच्या दरम्यान, भेगाळलेल्या खडकात. वरची मातीची गादी पातळ आणि खाली भेगांचे जाळे. जमिनीवरचे पाणी मातीतून सावकाश गाळत खाली गेले तर त्यातले जिवाणू वाटेत मरतात, अडकतात. इथे तेवढी मातीही नव्हती आणि तेवढा वेळही मिळत नव्हता. लगतच गुरे पाळणाऱ्या शेतकऱ्याची जमीन होती. त्या वेळी चाचण्या घेणाऱ्या सल्लागारांनी जिवाणूंचा धोका नोंदवला होता आणि विहिरीभोवतीची जमीन ताब्यात घेण्याचा विचार करावा, असेही सुचवले होते. गावाने जमीन घेतली नाही. प्रांताच्या पर्यावरण मंत्रालयाने १९७९ मध्ये विहिरीला मंजुरी दिली, तीत क्लोरीनवर सतत लक्ष ठेवण्याची अट घातली नाही. पुढे नियम कडक झाले, पण जुन्या मंजुऱ्या काढून त्या नव्या नियमांना धरून तपासण्याचे काम झाले नाही. २००० मध्ये ही विहीर एकटी गावाच्या निम्म्याहून अधिक गरजेचे पाणी देऊ शकत होती.

त्या शेतकऱ्याबद्दल इथेच सांगायला हवे. २२ एप्रिलच्या सुमारास त्याने शेतात खत टाकले होते, आणि पाण्यात आलेले जिवाणू त्याच्या गुरांमध्ये सापडलेल्या जिवाणूंशी जुळले. तरी चौकशी आयोगाने त्याला निर्दोष ठरवले, आणि ते योग्यच होते. त्याने सगळे काम रीतसर केले होते. शेतकरी शेतात शेणखत टाकणारच. त्याच्या कुंपणाला लागून गावाची उथळ बोअर घेतली, ती त्याने नव्हे.

आता क्लोरीनचे. पाण्यात क्लोरीन सोडला की तो आधी त्यातल्या सेंद्रिय घाणीवर आणि जिवाणूंवर खर्च होतो. हा खर्च भागून पाण्यात जो उरतो, तो शिल्लक क्लोरीन. शिल्लक आहे याचा अर्थ क्लोरीन पुरून उरला, काम झाले. शिल्लक शून्य असेल तर घाण क्लोरीनपेक्षा जास्त होती आणि जिवाणू जिवंत सुटले असण्याची शक्यता आहे. म्हणून किती क्लोरीन ओतला याला फारसा अर्थ नाही, किती उरला ते पाहायचे. ऑन्टारियोचा दंडक असा होता की १५ मिनिटांच्या संपर्कानंतर लिटरमागे किमान अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहावा. पंपहाउसमध्ये जायचे, नळाचे पाणी घ्यायचे, चाचणी करायची, आकडा लिहायचा. काही मिनिटांचे काम.

वॉकर्टनमध्ये हे काम पब्लिक युटिलिटीज कमिशन या स्थानिक मंडळाकडे होते. त्याचे व्यवस्थापक स्टॅन कोबेल, आणि त्यांच्या हाताखाली फोरमन म्हणून त्यांचे भाऊ फ्रँक. स्टॅन तरुणपणीच मंडळात लागले होते. जलशुद्धीकरणाचे रीतसर शिक्षण दोघांचेही झालेले नव्हते. प्रांताने प्रमाणपत्रे सक्तीची केली तेव्हा आधीपासून काम करणाऱ्यांना अनुभवाच्या जोरावर ती परीक्षेविना देऊन टाकली. पाणी मुळातच शुद्ध आहे, अशी त्या सगळ्यांची ठाम समजूत होती. कर्मचारी स्वतः विहिरीवर क्लोरीन न घातलेले पाणी पीत. गावकरीही क्लोरीनच्या वासाची तक्रार करीत, म्हणून डोस कमी ठेवला जाई. अज्ञान आणि सवय यांची इथे घट्ट गाठ पडली होती, आणि हे मला दुष्टपणापेक्षा अधिक भीतिदायक वाटते. दुष्ट माणूस निदान आपण काय करतो आहोत हे जाणून असतो.

विहिरींच्या रोजच्या नोंदीचे तक्ते चौकशीत पुढे आले. प्रत्येक विहिरीचा वेगळा कागद. तारीख, किती पाणी उपसले, किती क्लोरीन वापरला आणि शेवटी शिल्लक क्लोरीनचा रकाना. या शेवटच्या रकान्यात दिवसामागून दिवस, महिन्यामागून महिने दोनच आकडे भरलेले: ०.५ किंवा ०.७५. खऱ्या विहिरीचा शिल्लक क्लोरीन असा वागत नाही. पाऊस पडला, उपसा वाढला, डोस बदलला की तो खालीवर होतो. जाणकार माणसाने तो रकाना वरून खाली नुसता नजरेखालून घातला असता तरी इथे चाचणी होतच नाही हे त्याच्या ध्यानात आले असते. १३, १४ आणि १५ मे, म्हणजे दूषित पाणी नळात उतरले त्या दिवसांतही, पाच नंबरच्या रकान्यात ०.७५ असेच लिहिलेले आहे. पाण्याचे नमुने घेतानाही तीच तऱ्हा. बाटलीवरच्या चिठ्ठीत एक जागा आणि पाणी भरलेले दुसऱ्याच, सोयीच्या जागेवरून. सात नंबरच्या विहिरीवर तर त्या महिन्यात कित्येक दिवस क्लोरीन सोडणारे यंत्रच नव्हते, आणि ती तशीच चालवली गेली.

सोमवारी, १५ मे रोजी, नमुने प्रयोगशाळेकडे गेले. बुधवारी, १७ तारखेला, निकाल फॅक्सने आला: नमुन्यांत कॉलिफॉर्म जिवाणू आहेत आणि ई. कोलायही आहे. पिण्याच्या पाण्यात ई. कोलाय सापडणे याचा अर्थ माणसाची किंवा जनावराची विष्ठा पाण्यात आली. हा कागद स्टॅन कोबेल यांच्या हातात पडला. त्यांनी त्याबद्दल कोणालाही सांगितले नाही.

गुरुवारी गावातल्या एका शाळेत वीसेक मुले गैरहजर होती. दोन लहान मुलांना जवळच्या ओवेन साउंड शहरातल्या इस्पितळात आणले, जुलाबातून रक्त जात होते. तिथल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. क्रिस्टन हॅलेट यांना ई. कोलायचा संशय आला आणि शुक्रवारी, १९ मे रोजी, त्यांनी आरोग्य विभागाला फोन केला. या सगळ्या साखळीत जे दिसले ते लगेच योग्य ठिकाणी कळवणारी पहिली व्यक्ती हीच, हे विसरता येत नाही. आरोग्य विभागाने त्याच दुपारी कोबेल यांना विचारले: पाण्यात काही गडबड आहे का? पाणी ठीक आहे, असे उत्तर मिळाले. दोन दिवसांपूर्वीच्या फॅक्सबद्दल अवाक्षर नाही. फोन ठेवल्यावर कोबेल यांनी जलवाहिन्या धुऊन काढायला आणि भरमसाट क्लोरीन सोडायला सुरुवात केली. म्हणजे काय झाले आहे याचा अंदाज त्यांना आला होता. चौकशी आयोगाच्या न्यायमूर्तींनी पुढे हिशेब मांडला की त्या शुक्रवारी खरे सांगितले असते तर ३०० ते ४०० माणसे आजारापासून वाचली असती.

शनिवारी रुग्णांच्या तपासणीतून ई. कोलाय ओ१५७:एच७ हा प्रकार असल्याचे निष्पन्न झाले. ई. कोलायचे बहुतेक प्रकार आपल्या आतड्यात निमूट राहतात. ओ१५७:एच७ चे तसे नाही. तो गुरांच्या पोटात त्यांना काही त्रास न देता वाढतो, पण माणसाच्या पोटात विष सोडतो. ते आतड्याच्या अस्तराला जखमा करते आणि रक्तात उतरले की मूत्रपिंडांच्या बारीक रक्तवाहिन्या निकामी करते. पाच वर्षांखालची मुले आणि वृद्ध यात सर्वात आधी सापडतात. दूषित पाणी पोटात गेल्यावर लक्षणे दिसायला तीन-चार दिवस लागतात, म्हणून १२ तारखेच्या पावसाचे बळी पुढच्या गुरुवार-शुक्रवारी दवाखान्यात दिसू लागले. त्याच पाण्यात कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा दुसरा जिवाणूही होता.

शनिवार होता, सोमवारची सुट्टी जोडून आलेली. घाबरलेले लोक आरोग्य विभागाला फोन करून पाण्याबद्दल विचारत होते आणि विभाग त्यांना पाणी सुरक्षित असल्याचे सांगत होता, कारण मंडळाने त्यांना तसे सांगितले होते. आईबाप मुलांच्या शरीरातले कमी झालेले पाणी भरून काढायला त्यांना नळाचेच पाणी पाजत होते. मंडळातल्याच एका कर्मचाऱ्याला हे सहन झाले नाही. त्याने नाव न सांगता मंत्रालयाच्या आपत्कालीन कक्षाला फोन केला आणि नमुने नापास झाल्याचे कळवले. कक्षाने पुन्हा कोबेल यांनाच विचारले. त्यांनी जलवाहिनीच्या बांधकामावरचा एखादा जुना नमुना बिघडला होता, असा समज करून दिला.

रविवारी, २१ मे रोजी दुपारी दीडला, आरोग्य अधिकारी डॉ. मरे मॅक्विग यांनी मंडळाच्या शब्दाची वाट न पाहता पाणी उकळून पिण्याची सूचना जाहीर केली. रोगी सर्व वयांचे होते आणि त्यांना जोडणारा धागा एकच होता, गावचा नळ. सूचना रेडिओवरून दिली गेली. घरोघर कागद वाटले गेले नाहीत. नंतरच्या पाहणीत दिसले की त्या दिवशी निम्म्याहून कमी लोकांपर्यंत ती पोहोचली. सोमवारी पहिला मृत्यू झाला. आरोग्य विभागाने स्वतः घेतलेल्या नमुन्यांचा निकाल मंगळवारी आला आणि त्यात ई. कोलाय होता. तेव्हा कुठे सहा दिवसांपूर्वीचा फॅक्स बाहेर आला. मधल्या काळात सात नंबरच्या विहिरीचा तक्ता बदलून लिहिला गेला होता.

आता प्रयोगशाळेचा प्रश्न. तिने निकाल फक्त ग्राहकाला, म्हणजे मंडळाला, कळवला. मंत्रालयाला नाही, आरोग्य अधिकाऱ्याला नाही. आणि कायद्याने तिच्यावर तसे बंधन नव्हते. १९९६ पर्यंत गावांच्या पाण्याची तपासणी सरकारी प्रयोगशाळा करीत आणि वाईट निकाल आपोआप अधिकाऱ्यांपर्यंत जाई. त्या वर्षी प्रांताचे मुख्यमंत्री माइक हॅरिस यांच्या सरकारने ही सेवा बंद करून काम खासगी प्रयोगशाळांवर सोपवले. खर्चकपात हे त्या सरकारचे मुख्य वचन होते. पर्यावरण मंत्रालयातल्या ७५० हून अधिक जागा त्यात गेल्या. प्रयोगशाळा खासगी झाल्या, त्याबद्दल माझा आक्षेप नाही. ज्याचे पाणी बिघडले त्यालाच फक्त बातमी कळवायची, आणि त्याने ती पुढे सांगावी अशी आशा करायची, ही व्यवस्था मात्र अक्षम्य आहे. धोक्याचे इशारे सरकारला तेव्हा मिळाले होते, हेही चौकशीत सिद्ध झाले.

मंत्रालयाचे निरीक्षकही वॉकर्टनला येऊन गेले होते. १९९८ च्या तपासणीत आधीच्या वर्षी ई. कोलाय सापडल्याच्या नोंदी त्यांना दिसल्या, क्लोरीन कमी पडत असल्याचे दिसले. सुधारणा करू, असे मंडळाने लिहून दिले. पुढची दोन वर्षे कोणी फिरकले नाही. २००० च्या जानेवारीपासून एप्रिलपर्यंत मंडळाचे नमुने तेव्हा तपासणाऱ्या दुसऱ्या प्रयोगशाळेने नापास निकाल मंत्रालयाला पाठवले होते. तेही फायलीत गेले.

न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशी आयोगाने नऊ महिने सुनावणी वॉकर्टनमध्येच घेतली. गावकरी येऊन बसत. मुख्यमंत्री हॅरिस यांनाही साक्षीला यावे लागले. अहवालाचा पहिला भाग जानेवारी २००२ मध्ये आणि दुसरा त्याच वर्षीच्या मे महिन्यात आला. मिळून १२१ शिफारशी. त्यातले एक वाक्य मी कधीही विसरणार नाही, त्याचा आशय असा: पाच नंबरच्या विहिरीवर शिल्लक क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणारी यंत्रे असती तर ही साथ आलीच नसती. ही यंत्रे बाजारात मिळत होती. क्लोरीन घसरला की घंटा वाजते, पंप बंद होतो, आणि रकान्यात काय लिहिले आहे याच्याशी त्या यंत्राला देणेघेणे नसते. यंत्रे नसतानाही, निदान रोज खरोखर चाचणी झाली असती तर साथ पुष्कळ आटोक्यात राहिली असती. कोबेल बंधूंचा दोष अहवालाने लपवला नाही, आणि त्यांच्या आड सरकारलाही लपू दिले नाही. २००४ च्या डिसेंबरात स्टॅन कोबेल यांना एक वर्षाचा तुरुंगवास झाला, फ्रँक यांना नऊ महिन्यांची नजरकैद. पाणी उकळून पिण्याची सूचना त्याआधीच, ५ डिसेंबर २००० रोजी, सहा महिन्यांहून अधिक काळाने उठली होती. पाच नंबरची विहीर पुन्हा चालू झाली नाही. ऑन्टारियोत २००२ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या सुरक्षेचा कायदा झाला, आणि पाणी चालवणाऱ्यांना शिकवणारी संस्था २००४ मध्ये वॉकर्टनमध्येच उभी राहिली. वाचलेल्यांपैकी अनेकांची पोटाची, मूत्रपिंडाची आणि रक्तदाबाची दुखणी पुढे वर्षानुवर्षे चालली.

ही परक्या मुलखाची गोष्ट आपण दूर ठेवू शकत नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात, जीबीएस (गिया-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकापाठोपाठ एक दिसू लागले. हातापायांतली शक्ती जाणारी माणसे, काही व्हेंटिलेटरवर. राज्यातली संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत सापडला तो कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय, वॉकर्टनच्या नळातून आलेला तोच जिवाणू. संशय पाण्यावर गेला, आणि नांदेडच्या विहिरीचे नाव घरोघर झाले.

आपल्याकडे व्यवस्था कागदावर चांगली आहे. गावोगाव जलसुरक्षक आहेत, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आहे, ग्रामपंचायतीला वर्षातून दोनदा हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. ओटी टेस्ट तर कोणालाही येण्याजोगी आहे: नळीत नळाचे पाणी घ्यायचे, औषधाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. पण टीसीएलची गोणी ओलसर खोलीत उघडी राहिली तर पावडरीचा जोर जातो आणि नोंद मात्र किलोंची होते. टाकीखालच्या नळाला रंग येतो आणि वाहिनीच्या शेवटच्या घरापर्यंत तो पोहोचत नाही. गळकी जलवाहिनी गटारातून जाते तिथे पाणी बंद असताना घाण आत ओढली जाते, आणि पहिल्या पावसात हे सगळे एकदम वर येते.

म्हणून यंदा पाऊस लागण्यापूर्वी ग्रामसभेत किंवा सोसायटीच्या बैठकीत एवढे विचारा: शेवटची ओटी टेस्ट कोणत्या नळावर झाली, कोणी केली, आणि तेव्हा तिथे दुसरे कोण उभे होते? नोंदवही पुढे केली तर ती जरूर पाहा. रकान्यात रोज एकच आकडा दिसला तर बैठक तिथेच थांबवा, सगळ्यांना घेऊन वाहिनीच्या शेवटच्या घराच्या नळावर जा आणि तुमच्या डोळ्यांसमोर चाचणी करायला लावा.